मायक्रोसॉफ्ट एंट्रा आयडी प्रोटेक्शन: जोखीम पाहून प्रवेश देणाऱ्या सेवेचे परीक्षण

पासवर्ड बरोबर आहे, पण तो टाकणारा माणूस तोच आहे का, हा प्रश्न जुन्या धाटणीच्या नेटवर्कला पडतच नसे. २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये हल्लेखोर शिरले ते काहीही न फोडता. वापरातून गेलेले, पण बंद न केलेले एक व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याचा रस्ता) खाते होते. त्याचा पासवर्ड त्यांच्या हाती लागला होता आणि त्या खात्याला दुसऱ्या पडताळणीची (पासवर्डनंतर फोनसारख्या दुसऱ्या मार्गाने ओळख पटवण्याची) अटच नव्हती. एंट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन-व्यवस्थेला जोडलेली एंट्रा आयडी प्रोटेक्शन ही सेवा अशा वेळी पासवर्डच्या पलीकडे पाहण्याचे काम करते. आमच्या संस्थेत ती दीड वर्षापासून वापरात आहे, तिची धोरणे (कोणाला कोणत्या अटीवर प्रवेश द्यायचा याचे नियम) लिहिण्याचे आणि रोज तिचे अहवाल वाचण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि हे परीक्षण त्याच अनुभवावर आधारलेले आहे.

माझे मत आधीच सांगतो. सेवा घेण्याजोगी आहे. मात्र तिच्या पडद्यावर ‘जोखीम’ म्हणून जे दिसते ती पूर्ण जोखीम नसून तिची अर्धी बाजू आहे. उरलेली बाजू घेणाऱ्या संस्थेने स्वतः भरली नाही, तर या सेवेचा बराचसा उपयोग हातचा जातो.

नेटवर्कच्या दारावर तपासणी करण्याची कल्पना जुनीच आहे. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे ८०२.१एक्स हे मानक २००१ मध्ये आले आणि ओळख पटेपर्यंत स्विचचा (नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या यंत्राचा) पोर्ट बंद ठेवण्याची सोय झाली. परंतु ओळख पटली की दार उघडे, मग आत आलेल्या संगणकाची स्थिती काय आहे याचा विचार त्यात नव्हता. पुढे मायक्रोसॉफ्टनेच विंडोज सर्व्हर २००८ बरोबर नेटवर्क ॲक्सेस प्रोटेक्शन ही सोय दिली, जी संगणकावर अँटिव्हायरस चालू आहे का, सुधारणा बसवल्या आहेत का, हे विचारून मगच आत सोडत असे. ती फार काळ टिकली नाही आणि विंडोज सर्व्हर २०१६ मधून काढून टाकण्यात आली. तिच्यातील उणीव आज स्पष्ट दिसते: आपण निरोगी आहोत हे संगणकाने स्वतःच सांगायचे आणि पहारेकऱ्याने त्यावर विश्वास ठेवायचा, अशी ती रचना होती. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये झिरो ट्रस्टची, म्हणजे कोणावरही आपोआप विश्वास न ठेवण्याच्या पद्धतीची, जी रूपरेषा प्रसिद्ध केली, तिच्यात निर्णय घेणारी जागा आणि निर्णय अमलात आणणारी जागा वेगळ्या केल्या, आणि प्रत्येक मागणीचा निर्णय त्या क्षणी हाती असलेल्या सगळ्या खुणा पाहून घ्यावा असे सांगितले. ही सेवा त्या विचाराच्या जवळ जाणारी आहे.

प्रत्यक्षात ही दोन अवजारांची जोडी आहे. आयडी प्रोटेक्शन जोखीम ठरवते आणि कंडिशनल ॲक्सेस त्या जोखमीवर निर्णय घेते. जोखीमही दोन प्रकारची असते, आणि या दोहोंतील फरक न समजता धोरण लिहिणे ही नव्या ॲडमिनकडून सर्वाधिक होणारी चूक आहे. पहिली साइन-इनची जोखीम, म्हणजे आत्ता चाललेला हा प्रयत्न खातेदाराचा नसण्याची शक्यता. ओळख लपवणारा आयपी पत्ता, कधी न दिसलेले उपकरण, एकाच वेळी अनेक खात्यांवर तोच पासवर्ड चालवून पाहण्याचा प्रकार, अशा खुणांवरून ती ठरते. दुसरी खात्याची जोखीम, म्हणजे हे खातेच परक्याच्या ताब्यात गेले असण्याची शक्यता. चोरीच्या पासवर्डांच्या याद्यांमध्ये त्या खात्याचा चालू पासवर्ड सापडणे ही तिची ठळक खूण. पहिलीवरचा उपाय म्हणजे त्याच क्षणी दुसरी पडताळणी, आणि दुसरीवरचा उपाय म्हणजे पासवर्ड बदलणे. या दोन्ही अटी एकाच धोरणात घालू नयेत असे मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगते, कारण तसे केल्यास दोन्ही एकदम पूर्ण होतील तेव्हाच धोरण लागू होते, आणि दोहोंपैकी एकच धोका असेल तेव्हा ते गप्प बसते.

सेवेला माणसाची सवय ओळखायला वेळ लागतो, हे ध्यानात ठेवावे. अनोळखी साइन-इन ओळखणारी तपासणी नव्या खात्यासाठी किमान ५ दिवस नुसते निरीक्षण करते. नेहमीपेक्षा वेगळा प्रवास ओळखणारी तपासणी १४ दिवस किंवा १० लॉगिन, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर शिकत राहते. म्हणून नव्याने रुजू झालेला कर्मचारी आणि दीर्घ रजेवरून परतलेला कर्मचारी यांच्याबाबतीत पहिल्या दिवसांत या तपासण्यांवर विसंबू नये. आम्ही नव्या खात्यांसाठी एक वेगळा गट केला असून, त्यात असेपर्यंत जोखीम कितीही कमी दाखवली तरी प्रत्येक वेळी दुसरी पडताळणी मागितली जाते.

आता त्या अर्ध्या बाजूविषयी. एनआयएसटीच्या जोखीम-मूल्यमापनाच्या मार्गदर्शिकेत जोखीम ही दोन गोष्टींवर अवलंबून धरली आहे: वाईट घटना घडण्याची शक्यता, आणि ती घडल्यास होणारी हानी. एंट्रा आयडी प्रोटेक्शनचे कमी, मध्यम आणि तीव्र हे तीन स्तर केवळ शक्यतेविषयी बोलतात. खाते चोरीला गेले असावे याची सेवेला किती खात्री वाटते, एवढेच त्यातून कळते. ते खाते कोणाचे आहे, त्याच्या हाती काय काय आहे आणि त्यातून किती नुकसान होऊ शकते, याचा त्या स्तरांत समावेश नाही. सूचना-फलकापुरता प्रवेश असलेल्या माणसाचे मध्यम आणि सगळ्या स्विचच्या मांडणीत बदल करू शकणाऱ्या अभियंत्याचे मध्यम, ही दोन्ही मध्यमे पडद्यावर अगदी सारखी दिसतात.

ही सेवेची त्रुटी आहे असे मी म्हणणार नाही, कारण कोणत्या माहितीला किती मोल आहे हे बाहेरच्या कोणालाही ठरवता येणार नाही. पण सेवेच्या पडद्यावर ‘जोखीम’ हाच शब्द वापरलेला असल्यामुळे वाचणाऱ्याचा गैरसमज होतो, आणि आमचाही झाला होता. पहिले काही महिने आम्ही सर्व खात्यांना आणि सर्व साधनांना (म्हणजे ज्यांत शिरायचे त्या ॲपना आणि यंत्रणांना) एकच नियम लावला होता. पुढे आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. आधी साधनांची यादी केली आणि प्रत्येकाविषयी त्या त्या विभागाला एकच प्रश्न विचारला, की हे परक्याच्या हाती एक दिवस राहिले तर काय होईल. त्या उत्तरांवरून तीन कप्पे पडले. सर्वसाधारण साधनांना मध्यम जोखमीपासून दुसरी पडताळणी, पगार आणि वैयक्तिक नोंदी असलेल्या साधनांना कमी जोखमीलाही पडताळणी आणि संस्थेच्याच, तपासलेल्या उपकरणाची अट, तर नेटवर्कच्या मांडणीत हात घालता येईल अशा साधनांना जोखमीची नुसती चाहूल लागली तरी थेट नकार. कंडिशनल ॲक्सेसमध्ये हे सगळे विनासायास बसते, कारण धोरण कोणत्या साधनाला आणि कोणत्या गटाला लागू करायचे हे त्यात बारकाईने ठरवता येते. आमचा खरा वेळ विभागांशी बोलण्यात गेला, धोरणे लिहिण्यात नव्हे. आणि त्या बैठकांतून जे हाती आले ते उद्या सेवा बदलली तरी आमच्याजवळ राहणार आहे.

खोट्या इशाऱ्यांची तक्रार या सेवेविषयी वारंवार ऐकू येते. तिच्यामागचे गणित समजून घेतले पाहिजे. समजा एखाद्या मोठ्या संस्थेत दिवसाला १०,००० लॉगिन होतात, त्यांपैकी एकच चोराचा आहे, आणि एखादी तपासणी इतकी चांगली आहे की ती चोराला हमखास पकडते व खऱ्या माणसावर १०० पैकी एकदाच संशय घेते. तरीही दिवसाला सुमारे १०० प्रामाणिक माणसांवर संशय येईल आणि त्यांच्यात तो एक चोर मिसळलेला असेल. म्हणजे इशारा वाजल्यावर तो खरा असण्याची शक्यता जेमतेम १ टक्का. चोर दुर्मीळ असतात म्हणून असे होते, आणि कोणत्याही कंपनीची सेवा घेतली तरी हे टळत नाही. यातून मार्ग एकच: संशयाची किंमत प्रामाणिक माणसाला कमी मोजावी लागेल असा उपाय निवडणे. मध्यम किंवा त्याहून वरच्या साइन-इन जोखमीला दुसरी पडताळणी मागावी आणि खात्याची जोखीम तीव्र असेल तेव्हाच सुरक्षित रीतीने पासवर्ड बदलायला लावावा, ही मायक्रोसॉफ्टची शिफारस याच हिशेबाला धरून आहे. खऱ्या माणसाला फोनवर क्षणभर उत्तर द्यावे लागते आणि तो कामाला लागतो. हेल्पडेस्कला फोन करावा लागत नाही, आणि उत्तर दिल्याबरोबर ती जोखीम नोंदीतूनही निवळते.

येथे एक अट विसरली जाते. ज्याने दुसऱ्या पडताळणीसाठी आधीच नोंदणी केलेली नाही, त्याला जोखीम दिसल्यावर ती नोंदणी करू देणे म्हणजे चोराच्याच फोनची नोंदणी होऊ देणे. म्हणून सेवा अशा माणसाला सरळ अडवते. हा निर्णय योग्य आहे. मात्र त्याचा अर्थ असा, की जोखमीची धोरणे चालू करण्याआधी प्रत्येक कर्मचाऱ्याची नोंदणी पूर्ण झालेली असली पाहिजे. आम्ही त्यासाठी धोरणे केवळ अहवाल देणाऱ्या अवस्थेत ठेवली, ज्या अवस्थेत कोणाला अडवले जात नाही, पण अडवले असते तर कोणाला, याची नोंद मिळते. ही सोय या सेवेतील मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट आहे. त्या नोंदी वाचताना ध्यानात आले, की विश्वासाची ठिकाणे म्हणून आम्ही जे आयपी पत्ते नोंदवले होते, त्यांतच पाहुण्यांच्या वाय-फायचा बाहेर जाणारा पत्ताही होता. विश्वासाच्या ठिकाणाहून आलेल्या साइन-इनची जोखीम कमी धरली जाते; म्हणजे स्वागतकक्षात बसलेल्या कोणाही अनोळखी माणसाला आम्ही नकळत सवलत देऊन ठेवली होती. पाहुण्यांचे वाय-फाय वेगळ्या पत्त्यावरून बाहेर काढल्यानंतरच आम्ही पुढे गेलो. ही सेवा घेणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी तपासावी.

दुसरी पडताळणी कोणत्या प्रकारची आहे, यावरही बरेच अवलंबून आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या नेटवर्कमध्ये शिरलेल्या हल्लेखोराने एका कंत्राटदाराच्या फोनवर मंजुरीच्या विनंत्यांचा मारा केला आणि अखेर त्या कंत्राटदाराने एक मंजूर केली. मायक्रोसॉफ्टने ८ मे २०२३ पासून आपल्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये पडद्यावरचा आकडा फोनवर टाकणे सक्तीचे केल्यामुळे डोळे झाकून मंजुरी देणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. तरीही खोट्या संकेतस्थळावरून पासवर्ड आणि टोकन (लॉगिननंतर मिळणारा तात्पुरता प्रवेश-पास) दोन्ही पळवणाऱ्या हल्ल्यापुढे तो आकडा पुरत नाही. तेथे पासकी (पासवर्डऐवजीची, फक्त खऱ्या संकेतस्थळावर चालणारी डिजिटल किल्ली) किंवा डिजिटल प्रमाणपत्रच हवे. आमच्या तिसऱ्या कप्प्यातील साधनांसाठी आम्ही तेच ठेवले आहे.

काळाच्या बाबतीत सेवेची मर्यादा समजून घेण्यात थोडा वेळ घालवावा लागतो. काही तपासण्या लॉगिन होत असतानाच पूर्ण होतात आणि दार उघडण्याआधी निर्णय मिळतो. बाकीच्या मागाहून होतात, आणि त्यांचे निष्कर्ष अहवालात यायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात. प्रवासावरून संशय घेणारी तपासणी मागाहून होणाऱ्यांत मोडते. त्यामुळे या सेवेकडे केवळ दारावरचा पहारा म्हणून पाहिले तर निराशा होईल. आत आलेल्याला मागाहून बाहेर काढण्याची तरतूदही असली पाहिजे, आणि ती सातत्याने प्रवेश तपासत राहणाऱ्या सोयीने होते. साधारण टोकन तास-दीड तास चालते आणि तोवर आतल्या माणसाला कोणी पुन्हा विचारत नाही. ही सोय वापरणाऱ्या ॲपमध्ये मात्र टोकनचे आयुष्य २८ तासांपर्यंत वाढते. त्या बदल्यात खाते बंद केले, पासवर्ड बदलला किंवा खात्याची जोखीम तीव्र ठरली की ती बातमी थेट एक्स्चेंज ऑनलाइन या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल सेवेसारख्या सेवेपर्यंत पोचते आणि टोकन नाकारले जाते. बातमी पोचायला १५ मिनिटांपर्यंत लागू शकतात. सर्वच ॲप ही बातमी ऐकत नाहीत, आणि जे ऐकतात तेही सगळ्याच घटना ऐकतात असे नाही. कोणते ॲप काय ऐकते याचा तक्ता आम्ही भिंतीवर लावला आहे, कारण खाते चोरीला गेल्याचे कळल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तोच कामाला येतो.

आता खुद्द नेटवर्कचा प्रश्न. एंट्राची दृष्टी साइन-इनवर आहे, भिंतीतल्या सॉकेटवर नाही. कोणी प्रिंटरची तार काढून आपला लॅपटॉप लावला, तर तेथे एंट्राला काहीच दिसत नाही, त्यासाठी ८०२.१एक्स आणि नेटवर्कचे तुकडे पाडणे यांना अजूनही पर्याय नाही. कॅमेरे, प्रिंटर, दारावरचे कार्डवाचक यांना पासवर्ड विचारता येत नाही, आणि एमएसी पत्त्यावरून (उपकरणाच्या नेटवर्क-जोडणीला दिलेल्या क्रमांकावरून) त्यांना ओळखण्याची जुनी पद्धत कमकुवत आहे, कारण त्या पत्त्याची कोणालाही नक्कल करता येते. बाहेरून आत येणाऱ्यांच्या बाबतीत मात्र परिस्थिती खूप सुधारली आहे. व्हीपीएनचे लॉगिन एंट्राकडे वळवले की जोखमीची सगळी धोरणे त्यालाही लागू होतात, आणि २०२४ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या एंट्रा प्रायव्हेट ॲक्सेसमुळे व्हीपीएनशिवाय, एकेका अंतर्गत साधनापुरताच रस्ता उघडता येतो. व्हीपीएनमधून शिरलेल्याला सहसा अख्खे नेटवर्क दिसते. येथे त्याला जे साधन मंजूर झाले तेवढेच दिसते. माझ्या मते जोखीम पाहून प्रवेश देण्याच्या कल्पनेला खरा अर्थ येथे प्राप्त होतो, कारण चोर आत आलाच तर त्याच्या हाती किती लागेल, ही हानीची बाजूही त्यामुळे आवरली जाते.

जी गोष्ट मला खटकते ती अपारदर्शकतेची. जोखीम नेमकी कशी मोजली जाते याचा तपशील मायक्रोसॉफ्ट देत नाही. हल्लेखोरांना तो कळू नये हे कारण मला मान्य आहे. पण एखाद्या सहकाऱ्याला महत्त्वाच्या कामाच्या वेळी अडवले गेले आणि त्याने कारण विचारले, तर ‘ही खूण आढळली’ यापलीकडे मला काही सांगता येत नाही. माणसाच्या कामावर परिणाम करणाऱ्या निर्णयाचे कारण त्याला मिळावे, असे मला मनापासून वाटते. म्हणून आमच्याकडे अडवलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी एका माणसाशी बोलता येते, आणि तो माणूस निर्णय फिरवू शकतो. निर्णय फिरवताना सेवेला ‘हे सुरक्षित होते’ किंवा ‘हे खाते खरोखरच गेले होते’ असे कळवायला हवे. ते कळवण्याचा आळस केला, तर सेवेच्या शिकण्यात आपल्या संस्थेची काहीच भर पडत नाही.

परवान्याविषयी थोडक्यात. कंडिशनल ॲक्सेस एंट्रा आयडीच्या पी१ परवान्यात मिळते, पण जोखमीवर आधारलेल्या अटींसाठी त्यावरचा पी२ परवाना लागतो. जेथे साधने मोजकी आहेत आणि अहवाल रोज वाचायला कोणी नाही, तेथे पी२ घेण्याची घाई करू नये. विनामूल्य मिळणाऱ्या सुरक्षेच्या मूलभूत मांडणीने सर्वांना दुसरी पडताळणी लावून, जुनी, पडताळणी न जुमानणारी लॉगिन बंद केली, तरी पुष्कळ काम होते. चोरीचे पासवर्ड शोधणारी तपासणी हवी असेल आणि खाती स्वतःच्या सर्व्हरवरून आणली जात असतील, तर पासवर्डच्या हॅशचे (पासवर्डवरून बनवलेल्या, उलट न फिरवता येणाऱ्या खुणेचे) सिंक चालू करावे लागते, हेही आधीच ठरवून घ्यावे. जोखमीच्या साइन-इनचा अहवाल ३० दिवसांपर्यंतचाच दिसतो आणि जोखमीच्या खुणांचा ९० दिवसांपर्यंतचा. त्याहून मागचे पाहण्याची गरज पडणार असेल तर नोंदी वेगळ्या साठवण्याची व्यवस्था लागते. माणसाऐवजी प्रोग्रॅम वापरतात त्या खात्यांसाठी परवाना निराळा असून, माणसांसाठी लिहिलेली धोरणे त्यांना लागू होत नाहीत. आमच्याकडे ते काम अर्धेच झाले आहे.

शेवटी आपत्कालीन खात्यांचा मुद्दा राहतो. कोणत्याही धोरणाच्या चुकीने सगळेच ॲडमिन बाहेर अडकू शकतात, म्हणून किमान दोन खाती धोरणांतून वगळून ठेवावीत अशी मायक्रोसॉफ्टची सूचना आहे. जोखमीची धोरणे ज्यांना अडवत नाहीत, अशी ही खाती, आणि त्यांच्याजवळ अधिकार सर्वांत मोठे. ॲडमिनच्या पोर्टलांसाठी दुसरी पडताळणी २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाल्यामुळे याही खात्यांना ती चुकत नाही. आम्ही त्यांना सुरक्षा-किल्ल्या (लॉगिनच्या वेळी ओळख पटवणारी छोटी उपकरणे) दिल्या आहेत. त्या दोन वेगळ्या तिजोऱ्यांत असतात, तिजोरी उघडायला दोन माणसे लागतात, त्यांपैकी कोणत्याही खात्याने लॉगिन केले की आमच्यापैकी तिघांचे फोन एकदम वाजतात, आणि दर ९० दिवसांनी आम्ही ठरवून ते वाजवून पाहतो.